मुंबईच्या काळा घोडा कला फेस्टिव्हलला आई आणि लेकीला घेऊन जायचंय

प्रश्न: फेब्रुवारीत पहिल्यांदाच जातोय, आईला कविता ऐकायच्यात, मला गाणं आणि ७ वर्षांच्या लेकीला हाताने काहीतरी करायला हवं, एका दिवसात जमेल का? तिकीट किती असतं?

उत्तर १: तिकीट नाही हो, एंट्री फ्री. ९ दिवस असतो, त्यामुळे शनिवार-रविवार टाळता आला तर बघा, रॅम्पार्ट रोला, म्हणजे फेस्टिव्हलच्या मुख्य रस्त्यावर, पाय ठेवायला जागा नसते.

उत्तर २: आईंना डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत न्या, साहित्याचे कार्यक्रम तिथे होतात, संध्याकाळी झाडाखाली बसून कविता ऐकताना मला तर घरी जावंसंच वाटत नाही. लेकीच्या वर्कशॉपचं मात्र आधी बघून ठेवा, जागा पटकन भरतात.

उत्तर ३: गाडी नकोच, सीएसएमटीहून चालत या.