समृद्धीने भर मे महिन्यात नागपूर, टायर बदलू का?

सावंगीकर
मंडळी, पुढच्या आठवड्यात मावसबहिणीच्या लग्नाला संभाजीनगरहून नागपूरला जायचंय. सावंगीला समृद्धीवर चढायचं ते थेट नागपूर, चारशेच्या वर किलोमीटर होतात. गाडीत आम्ही दोघं, आई-बाबा, अडीच वर्षांची मुलगी आणि डिकी फुल. साधी पेट्रोल हॅचबॅक आहे, गावातच फिरते त्यामुळे टायरची नक्षी अजून चांगली आहे पण टायर गाडीसोबत आलेलेच आहेत आणि साइडवॉलला बारीक भेगा दिसायला लागल्यात. सासरे म्हणतात उन्हात हवा फुगते, चार-पाच पॉइंट कमीच ठेवा. पंपावरचा पोरगा म्हणतो नायट्रोजन भरा, मग टेन्शन नाही. सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात हे आईने कुठूनतरी ऐकलंय आणि ट्रेननेच जाऊ म्हणून धोशा लावलाय. नक्की काय करू?

टायरवाला_जालना
दादा, हवा कमी करायचं आधी डोक्यातून काढा. दुकानात रोज कोणीतरी हेच मागतं आणि रोज तेच समजावतो. आतली हवा फुगली म्हणून चांगला टायर फुटत नाही. हवा कमी असली की टायर टेकतो तिथे साइडवॉल जास्त दबते, परत सरळ होते, आणि १२० च्या स्पीडला तुमच्या साइजच्या टायरचं हे सेकंदाला अठराएक वेळा होतं. त्या दबण्यानेच रबर आतून तापतं, थर सुटायला लागतात आणि मग फुटतो. गावात सिग्नल, स्पीडब्रेकर, गर्दी, टायरला गार व्हायला वेळ मिळतो. समृद्धीवर तासभर ब्रेकला पाय लागत नाही, त्यात मे महिना आणि फुल लोड. रस्त्याला दोष देऊन उपयोग नाही, तापलेल्या रस्त्याने थोडी भर पडते पण खरी गडबड कमी हवा, जुना टायर, जास्त वजन आणि स्पीड यांची.

ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो, त्यात कमी माणसांचा आणि फुल लोडचा असे दोन आकडे असतात. तुम्ही फुल लोडचा धरा. हवा सकाळी गाडी गार असताना चेक करायची, वाटेत चहाला थांबल्यावर नाही. गरम टायरमध्ये चार-पाच पॉइंट (पीएसआय) वाढलेले दिसतातच, ते कंपनीने धरलेलं असतं, तेव्हा अजिबात हवा सोडू नका. नायट्रोजन फुकट असेल तर भरा, साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो, त्याने म्हातारा टायर तरुण होत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. साइडवॉलवर डीओटी लिहिलेलं असतं, त्याच्या शेवटचे चार आकडे बघा. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी राहिली म्हणजे टायर चांगला असं नसतं, रबर उभ्या गाडीतही कडक होतं. भेगा दिसतायत म्हणता तर चारही बदला, माझ्याकडून घ्या असं नाही म्हणत, कुठूनही घ्या पण तारीख बघून घ्या. स्टेपनीची हवा पण बघा, ती कोणी बघत नाही.

नागपूरची_मुग्धा
टायरचं दादांनी सांगितलंच आहे. मला मुलीची काळजी वाटतेय, ती कुठे बसणार ते तुम्ही लिहिलंच नाही. मांडीवर घ्यायचा विचार असेल तर कृपया नको. गाडी ६० च्या स्पीडने कशावर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर बारा किलोच्या लेकराचा भार दोनशे किलोच्या आसपास होतो, कुठल्याच आईच्या हातात ते राहत नाही. आणि एकाच बेल्टमध्ये दोघांना बांधणं तर त्याहून वाईट, मोठ्या माणसाचं सगळं वजन तिच्यावर येतं. चाइल्ड सीट विकत घ्यायची नसेल तर ओळखीत कोणाची तरी मागून घ्या, फक्त ती अपघातातली नको.

मागच्या सीटवर बेल्ट सगळ्यांना, आईंनाही. २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी पुलाच्या कठड्याला धडकली तेव्हा पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले, आणि मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनीच सांगितलं होतं. एवढी महागडी गाडी होती ती.

रातराणी_वर्धा
माझं थोडं वेगळं मत आहे. या रस्त्याचं नाव निघालं की सगळे टायरवर येतात आणि झोपेचं कोणी बोलत नाही. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ ट्रॅव्हल्स उलटून पेटली, २५ जणं गेले. ड्रायव्हर टायर फुटला म्हणत होता पण आरटीओला तसा पुरावा मिळाला नाही. वेळ होती मध्यरात्री दीडच्या सुमाराची. सरळ रस्ता, वळण नाही, हॉर्न नाही, डोळे उघडे असून मेंदू झोपतो. तुम्ही ऊन चुकवायला रात्री निघायचा विचार करत असाल तर तो सोडा, पहाटे पुरेशी झोप घेऊन निघा, दर दीड-दोन तासांनी उतरा, वहिनींना गाडी येत असेल तर आलटून पालटून चालवा. आणि रस्ता १५० साठी बनवलाय म्हणून गाडी १५० ला न्यायची नसते, लिमिट १२० आहे, फुल लोड हॅचबॅकला शंभर पुष्कळ झाले.

एवढं करूनही टायर गेलाच तर ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट सरळ धरा, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, स्पीड उतरल्यावरच डावीकडे घ्या. मग सगळ्यांना गाडीतून काढून रेलिंगच्या पलीकडे उभं करा, गाडीत बसून वाट बघू नका, उभ्या गाडीला मागून ट्रक येऊन धडकतो. धोक्याचा लाल त्रिकोण मागे चांगला लांब ठेवा. कोणाला लागलं असेल तर १०८.

सावंगीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. कोड बघितला, १११८ निघाला! आज संध्याकाळीच चारही टायर नवे टाकतोय. चाइल्ड सीट मित्राकडून मिळतेय. एकच अडचण, मागे मधल्या सीटला नुसता कमरेचा पट्टा आहे, मग सीट मध्ये लावू का बाजूला?

नागपूरची_मुग्धा
बाजूला, शक्यतो डावीकडे, म्हणजे उतरवताना ट्रॅफिककडे पाठ येत नाही. मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघा, आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, लोखंडी हूक असतील तर त्यातच अडकवा. बसवल्यावर जोरात हलवून बघा, इंचभरापेक्षा जास्त हलायला नको. बाबांना पुढे बसवा, आई उजवीकडे खिडकीशी, कमरेचा पट्टा तुमच्या मिसेसना लावावा लागेल, त्या बारीक असतील तरच मावतील. आणि मुलीला सीटची सवय आजपासूनच लावा, गाडी दारात उभी असताना रोज थोडा वेळ बसवा, नाहीतर जालन्यापर्यंत रडून गोंधळ घालेल आणि मग कोणीतरी तिला बाहेर काढेलच.