रोमकरांस १३ एवढ्यावर थांबू नका

ख्रिस्ती माणसाने सरकारला विरोध करावा का, असं विचारलं की बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय दाखवून ‘सत्तेच्या अधीन राहा, विषय संपला’ असं सांगितलं जातं. मला ते अर्धंच वाटतं. ते लिहिणारा पौल स्वतः कितीदा तुरुंगात गेला! बायबलच्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (५:२९) येशूचा शिष्य पेत्र यहुदी न्यायसभेला तोंडावर सांगतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. लगेच पुढच्या वचनात कारण: ज्या येशूला तुम्ही मारलंत त्याला देवाने उठवलं. सत्तेकडचं शेवटचं हत्यार मृत्युदंड. तोच फोल ठरला असं मानणाऱ्याला धाक कशाचा घालणार? करिंथकरांस पहिल्या पत्रात (१५:१४) पौल म्हणतोच, ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ.

अर्थात याचा अर्थ उठसूट बंड असा नाही. मे १९३४ चा बार्मेन जाहीरनामा बघा. नाझी राजवटीत जर्मनीतल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांनी काढलेला, मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांनी लिहिलेला. न्याय आणि शांतता राखणं हे राज्याचं देवाने नेमलेलं काम, हे त्यात मान्य आहे. पण राज्याने माणसाच्या अख्ख्या जीवनावर हक्क सांगणं साफ नाकारलंय. ज्यूंच्या छळाबद्दल मात्र त्यात एक अक्षर नाही, आणि ते मला आजही खटकतं.