गरिबी हटवायचा आराखडा असतो, मग पैसा मुरतो कुठे?

फोंडेकर: १९९९ पासून वर्ल्ड बँक नि आयएमएफने (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने) कर्जमाफी हवी असलेल्या गरीब देशांना गरिबी कमी करायचा आराखडा लिहायला लावला, लोकांना विचारून लिहा म्हणाले, तरी बऱ्याच ठिकाणी फरक का पडला नाही?

म्हापसा_वाचक: आराखडा एकीकडे नि बजेट भलतीकडे, म्हणून. शिवाय पैसा वाटेतच गळतो. त्याआधीचंच बघा, युगांडात १९९१-९५ मध्ये शाळांच्या अनुदानातले १०० पैकी सरासरी १३च शाळेत पोचायचे हो! मग सरकारने जिल्ह्याला किती सोडले ते पेपरात छापलं, शाळेच्या भिंतीवर लावलं, गळती बरीच कमी झाली.

डिचोलीची: पटलं. गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे पैसे थेट बँकेत येतात म्हणून आईला कुणाच्या पाया पडावं लागत नाही, पण ग्रामसभेत गटाराच्या खर्चाचा हिशेब मागितला की सगळे गप्प.

फोंडेकर: मग येत्या ग्रामसभेत हिशेब बोर्डावर लावा म्हणून लेखी देऊया का?