एवढे आकुंचन होऊनही एमआयएमचा (मेटल इंजेक्शन मोल्डिंगचा) भाग मापात कसा बसतो?

लेथवाला, उद्यमबाग: नमस्कार. आमच्याकडे स्टेनलेस स्टीलच्या एका छोट्या खटक्याचे काम आले आहे. वजन जेमतेम 12 ग्रॅम, पण आडवी छिद्रे, खाच आणि एका कडेला बारीक दाते असल्यामुळे निम्म्याहून अधिक धातू चिप्समध्ये जातो. ग्राहक मेटल इंजेक्शन मोल्डिंग सुचवत आहेत. बेळगावच्या फाउंड्रीत ओतकामाचा पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, आकुंचनासाठी एक-दोन टक्के मोठा ठेवतात. इथे आकुंचन पंधरा टक्क्यांच्या पुढे असते म्हणे. मग मापाचा भरवसा कसा धरायचा?

निपाणीकर: हे आकुंचन हिशेबातले असते. साधारण 20 मायक्रॉनपेक्षा बारीक धातूची भुकटी मेण आणि प्लास्टिकच्या बाइंडरमध्ये, म्हणजे कण बांधून ठेवणाऱ्या मिश्रणात, मळून तो गोळा प्लास्टिकसारखाच साच्यात दाबून भरतात. नंतर मेण बहुधा विद्रावकात काढतात, उरलेले प्लास्टिक उष्णतेने जाते आणि सुमारे 1350 अंश सेल्सिअसला, म्हणजे वितळणबिंदूच्या खालीच, कण एकमेकांना सांधले जातात. घनफळाने 60 टक्के भुकटी आणि शेवटची घनता 97 टक्के धरली, तर 0.60 भागिले 0.97 याचे घनमूळ 0.852 येते. म्हणजे भागाचे प्रत्येक माप साच्याच्या 0.852 पट होते, म्हणून साचा 1 भागिले 0.852 या हिशेबाने सुमारे 17 टक्के मोठा करतात. भुकटी सगळीकडे सारखी मिसळलेली असेल, तर आकुंचनही सगळीकडे जवळपास सारखेच होते. खरी कसोटी त्या मिश्रणाची आहे, भट्टीची नंतर.

साचेकाम, मच्छे: वरील हिशेब बरोबर आहे, पण भिंतींची जाडी सारखी ठेवा. जाड भागातून बाइंडर सावकाश निघतो आणि घाई केल्यास फुगे व तडे येतात. भट्टीत भाग स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून एक बाजू सपाट असलेली बरी. नाहीतर त्याच्या आकाराचे सिरॅमिकचे बैठक-तुकडे बनवण्याचा खर्च वाढतो. मापात 0.3 ते 0.5 टक्के फरक गृहीत धरावा. साचा महाग असल्याने वर्षाला काही हजार नगांची मागणी नसेल, तर मी सळईच कापेन.

लेथवाला, उद्यमबाग: आभारी आहे. मागणी तेवढी आहे. पिनचे 6 मिमीचे छिद्र मात्र एच7 मापाचे आहे, म्हणजे मापात चालणारा एकूण फरक फक्त 0.012 मिमी, आणि 0.3 टक्के धरले तरी फरक दोन्ही बाजूंना 0.018 होतो. फक्त ते छिद्र थोडे लहान ठेवून मागवावे आणि रीमिंग, म्हणजे रीमर फिरवून छिद्र अचूक मापाला आणणे, आमच्याकडेच करावे, असे ग्राहकांना कळवतो.

निपाणीकर: तसेच करा, फक्त रीमरसाठी किती धातू सोडायचा, ते साचा बनण्यापूर्वीच ड्रॉइंगवर लिहून घ्या.