जनरल लीने आर्लिंग्टनसाठी भांडण का नाही केलं?

जुनीपाने:
सध्या रॉबर्ट ई. लीची, म्हणजे अमेरिकन यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या सेनापतीची, युद्धानंतरची पत्रं वाचतोय. १८६५ मध्ये हा माणूस लेक्झिंग्टनला वॉशिंग्टन कॉलेजचा प्रेसिडेंट झाला, पत्रांत कॉलेज, मुलं, बायकोचं आजारपण सगळं येतं, पण वॉशिंग्टन शहरासमोरची आर्लिंग्टनची जवळपास ११०० एकर इस्टेट युद्धात सरकारकडे गेली त्याबद्दल काही आदळआपट नाही. वकिलाला फक्त एवढंच की सध्या काही करून उपयोग होईल असं वाटत नाही म्हणून गप्प आहे. इतकं थंड कसं काय राहवतं?

खोडरबर:
अहो इस्टेट त्याची होतीच कुठे! सासऱ्याची, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचा सावत्र नातू जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिसची. ते १८५७ मध्ये गेले, मृत्युपत्रात मुलीला हयातीपर्यंत आणि नंतर थोरल्या नातवाला. ली फक्त एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा. शिवाय तेव्हा बंडाबद्दलच्या माफीचा त्याचा स्वतःचा अर्ज सरकारकडे पडून होता, अशा माणसाने सरकारशी जमिनीवरून वाद घालायचा म्हणजे...

तळटीप:
खरी चीड आणणारी गोष्ट टॅक्सची. इस्टेट गेली ती न भरलेल्या ९२ डॉलर ७ सेंट टॅक्सपायी! मिसेस लीने नातेवाइकाला पैसे घेऊन पाठवलं तर टॅक्स कमिशनर म्हणाले मालकाने स्वतः हजर राहून भरायचे, आता ती बाई संधिवाताने जखडलेली आणि मधे युद्धाची हद्द, कशी येणार होती? मग जानेवारी १८६४ मध्ये लिलाव काढून सरकारनेच २६,८०० डॉलरला घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिथे सैनिक पुरायला सुरुवात पण केली. ली गेला १८७०ला. त्याच्या थोरल्या मुलाने केस केली, १८८२ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ ने जिंकला, पण कबरी थोड्याच हलवणार, शेवटी १८८३ मध्ये दीड लाख डॉलर घेऊन जागा सरकारलाच दिली.

जुनीपाने:
५-४ माहीत नव्हतं, धन्यवाद. पण मग १८६९च्या पत्रांत जॉर्ज वॉशिंग्टनच्या वस्तूंवर एवढं का लिहिलंय?

खोडरबर:
कारण ते प्रकरण तेव्हा ताजं होतं. जॉर्ज वॉशिंग्टनचे तंबू, चिनीमातीची भांडी वगैरे आर्लिंग्टनहून उचलून राजधानीतल्या सरकारी पेटंट ऑफिसमध्ये मांडली होती, वर पाटी "आर्लिंग्टनहून जप्त". मिसेस लीने मागितली, प्रेसिडेंट जॉन्सनचं मंत्रिमंडळ तयारही झालं, पण काँग्रेसने अडवलं. त्यावर लीने लिहिलेलं पत्र बघा, सूर असा की देशाला हव्यात तर राहू देत, त्या बघून लोकांना वॉशिंग्टनचे गुण आठवोत. सभ्य आहे पण चिमटा आहेच, मला तरी तसं वाटतं. वस्तू परत मिळाल्या १९०१ मध्ये, प्रेसिडेंट मॅकिन्लीच्या काळात.

एकनजर:
सगळे लीचं नुकसान मोजताय म्हणून सांगतो. घर सोडताना मिसेस लीने किल्ल्या सेलिना ग्रेकडे दिल्या होत्या, ती त्यांच्याकडे गुलाम होती. सैनिक वॉशिंग्टनच्या वस्तू लंपास करताहेत हे तिनेच तिथल्या उत्तरेच्या सैन्याच्या जनरल मॅकडॉवेलच्या कानावर घातलं, म्हणून उरलेल्या पेटंट ऑफिसला तरी पोचल्या. आणि त्याच मृत्युपत्रात गुलामांना पाच वर्षांत मोकळं करायचं होतं, लीने सुटकेचे कागद केले डिसेंबर १८६२च्या अगदी शेवटी, मुदत उलटल्यावर. त्या लोकांची वर्षं कुठल्या हिशोबात धरायची?

जुनीपाने:
हा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. मृत्युपत्राच्या वेळची पत्रं काढून बसतो आता.