दरवर्षी लिंपावी लागते ती मशीद थोर, की २१० मीटर मिनाराची?

उमरेडची लेक
रविवारी धंतोलीत आम्ही काही जणांनी आफ्रिकेतल्या मशिदींची छायाचित्रं पाहिली. घरी येईपर्यंत वाद थांबला नाही, म्हणून इथं मांडते. बहुतेकांचा कौल मोरोक्कोत कासाब्लांकाच्या हसन दुसरे मशिदीला गेला. १९९३ साली पूर्ण झालेली, मिनार २१० मीटर, आत २५ हजार माणसं मावतात, छप्पर सरकून उघडतं आणि इमारतीचा काही भाग थेट अटलांटिकच्या पाण्यावर. भव्य आहे, वाद नाही. पण माझं मत मालीतल्या जेन्नेच्या मातीच्या मशिदीला.

आजची जेन्नेची इमारत १९०७ ची. उन्हात वाळवलेल्या विटा, वरून भाताचा कोंडा मिसळलेल्या चिखलाचा लेप. भिंतींतून ताडाच्या लाकडांचे जुडगे बाहेर आलेले दिसतात. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते, गवंड्यांसाठी मात्र ती कायमची परांची आहे. पावसाळ्याआधी लिंपणाचा दिवस ठरतो. चिखल आधीच भिजत घातलेला असतो. पोरं टोपल्या घेऊन पळतात, बाया पाणी वाहतात, गवंडी त्या लाकडांवर चढून हातानं लिंपतात आणि म्हातारे समोरच्या चौकात मानानं बसतात.

आमच्या गावी मृगाआधी कवेलू फेरायचे, तेव्हा असंच असायचं. आजोबा ओट्यावर, काका छपरावर आणि आम्ही पोरं खालून एकेक कवेलू हातोहात देणारी. ते थांबलं तसं त्या घरी सगळ्यांचं येणंही थांबलं. जी इमारत वर्षातून एक दिवस अख्ख्या गावाचा हात मागते, तिला मी मोठं म्हणते.

गिट्टीखदानवाला
ताई, तीस वर्षं बांधकामात आहे, म्हणून राहवत नाही. कवेलू फेरताना छपरावरून पडून कंबर मोडलेली माणसं मी पाहिली आहेत. आमच्या घरावर स्लॅब पडला त्या पावसाळ्यात माझी आई पहिल्यांदा रात्रभर झोपली. त्याआधी ती ठिबकणाऱ्या जागी गंज-बादल्या ठेवत फिरायची.

जेन्नेत तरी काय झालं? २००९ च्या नोव्हेंबरात जोराचा पाऊस आला आणि दक्षिणेकडच्या बुरुजाचा वरचा भाग कोसळला. उलट अल्जेरियात अल्जियर्सची जामा अल-जझाइर मशीद पाहा. मिनार २६५ मीटरचा, आणि तिथली जमीन भूकंपाची. म्हणून नमाजाच्या दालनाखाली धक्का सोसणारी यंत्रणाच बसवली आहे. डोक्यावरचं छत आपल्यावर पडणार नाही, एवढं तर माणसानं इमारतीकडून मागावं ना जी? दरवर्षी राबावं लागणं ही गरज आहे. तिचा सण केला म्हणून ती गरज सरत नाही.

उमरेडची लेक
दादा, तुमच्या आईची गोष्ट मनाला लागली. पण घानातल्या लाराबांगाची गोष्टही ऐका. जुनी, बुटकी, चुन्यानं पांढरी केलेली मातीची मशीद. १९७० च्या दशकात कुणीतरी भल्याच्या विचारानं तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. ओल आत कोंडली, आतली लाकडं वाळवीनं खाल्ली आणि २००२ च्या वादळात मिनार मोडला. मग तो गिलावा काढून पुन्हा मातीच लावावी लागली. त्यासाठी मातीचं विसरत चाललेलं काम नव्यानं शिकावं लागलं. आमच्या गावच्या घराची मागची भिंत अशीच आहे. काकांनी सिमेंटची छपाई केली, आणि आता बोटानं टोचलं तर आतून माती भुरभुर गळते.

रामटेकचा विद्यार्थी
सिमेंट म्हणजे कायमचं, हेही खरं नाही काका. कासाब्लांकात समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं दहा-बारा वर्षांतच काँक्रीट खायला घेतलं आणि २००५ मध्ये मोठी दुरुस्ती काढावी लागली. फरक एवढाच, की तिथं लागतात खास पोलाद आणि तज्ज्ञ, तर जेन्नेत लागतात तिथलेच गवंडी. शिवाय मातीचं काम म्हणजे अडाण्यांचं काम नव्हे. मालीतल्याच नियोनोची मशीद लासिने मिंता या गवंड्यानं बांधली आणि तिला १९८३ चा आगा खान पुरस्कार मिळाला.

गिट्टीखदानवाला
मातीच्या भिंतीवर सिमेंट लावणं चूकच, हे मी कबूल करतो. मातीची भिंत श्वास घेते, तिचं नाक दाबायचं नसतं. कासाब्लांकाचंही मान्य. पण त्यावरून स्लॅब वाईट ठरत नाही. समुद्रावर बांधताना सळईवरचं काँक्रीटचं आवरण कमी पडलं, एवढंच ठरतं.

मोमिनपुऱ्याचा
तुम्ही सगळे भिंतींबद्दल बोलून राहिले, मी सफेबद्दल बोलतो. जुम्म्याला आमच्याकडं नमाजींच्या रांगा रस्त्यापर्यंत येतात. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात तापलेल्या फरशीवर कपाळ टेकवून पाहा, मग मोठं दालन कशाला हवं ते कळेल. कासाब्लांकाची मशीद लोकांच्या वर्गणीतून उभी राहिली. तिथं झेलिजचे, म्हणजे रंगीत चकाकत्या फरश्यांचे, तुकडे बसवणारे, देवदार कोरणारे हजारो कारागीर राबले. ते हात नाहीत काय, ताई?

आणि दुसरं. आफ्रिका म्हटलं की मातीच काहून आठवते? ट्युनिशियातल्या कैरवानच्या मशिदीची स्थापना ६७० ची, आजची बरीचशी इमारत ८३६ ची. रोमन आणि बायझंटाइन वास्तूंतले खांब आणून तिथं उभे केले. कैरोची इब्न तुलून ८७९ मध्ये पूर्ण झाली, ती भाजलेल्या विटांची. दगड-विटांच्या या मशिदी हजार वर्षांहून जास्त उभ्या आहेत. त्या आफ्रिकेच्या नाहीत काय?

उमरेडची लेक
भाऊ, ही माझी चूक झाली. मी सहारा वाळवंटाच्या दक्षिणेची आफ्रिका तेवढी पाहिली आणि साऱ्या खंडाचा निकाल दिला. कारागिरांचं म्हणणंही पटलं. पण त्यांचं काम १९९३ ला संपलं आणि ते घरी गेले. जेन्नेत आज टोपली घेऊन पळणारा पोरगा पुढं गवंडी होऊ शकतो. एवढ्या मुद्द्यावर मी हटणार नाही.

रामटेकचा विद्यार्थी
नायजरमध्ये दांदाजी गावात तर दोन्ही जमलं. जुनी मातीची मशीद पाडून मोठी बांधायचं गावानं ठरवलं होतं. मरियम कमारा आणि यासमान इस्माइली या वास्तुरचनाकारांनी जुनीचं वाचनालय केलं आणि शेजारी दाबलेल्या मातीच्या विटांची नवी, मोठी मशीद उभारली. ते काम २०१८ ला झालं.

मोमिनपुऱ्याचा
हे मला चालेल. सफही मावली आणि पोरांना पुस्तकंही मिळाली.

गिट्टीखदानवाला
ताई, दिवाळीत उमरेडला याल तेव्हा सांगा, तुमची मागची भिंत पाहायला येतो. ती छपाई हातोडीनं ठोकू नका, खालची माती सोबत येईल. छिन्नीनं हळूहळू काढू. गावच्या जुन्या गढीजवळ पांढरी माती मिळते का, तेवढं आधी विचारून ठेवा. गव्हाचा भुसा मी आणतो.