युद्धात गेलेले सीझन बेसबॉलच्या आकड्यांत कसे धरायचे? मदत हवी आहे

मंडळी, बेसबॉल बघणारं कोणी आहे का इथे? क्रिकेटचे आकडे पिंजून काढणारं कोणी असलं तरी चालेल. जुन्या अमेरिकन प्लेअर्सची एक्सेल शीट करतोय आणि टेड विल्यम्सपाशी अडकलोय. बोस्टनच्या रेड सॉक्स टीमचा हा बॅटर, १९४१ ला ०.४०६ चं ॲव्हरेज (बेसबॉलमध्ये हिट भागिले बॅटिंगच्या संधी), १९४२ ला ३६ होमरन (आपल्या सिक्ससारखा फटका), मग १९४३ ते ४५ तिन्ही सीझन सैन्यात पायलट म्हणून गेले, १९४६ ला आला तर लगेच ३८ होमरन! एवढ्यावर सुटका नाही, १९५२ ला कोरियाच्या युद्धासाठी पुन्हा बोलावणं आलं आणि त्या दोन सीझनमध्ये मिळून जेमतेम ४३ मॅच खेळला. तरी एकूण होमरन ५२१.

मी साधा हिशोब केला. आधीची दोन आणि नंतरची दोन वर्षं (३७, ३६, ३८, ३२) घेऊन सरासरी काढली आणि रिकाम्या तीन वर्षांत भरली, १०७ वाढले. कोरियाचं तसंच केलं तर अजून ४५ एक, म्हणजे ६७० च्या वर, जुना दिग्गज बॅटर बेब रूथच्या ७१४ च्या बरंच जवळ. करिअर ॲव्हरेज (०.३४४) तसं शाबूत राहतं, मार बसतो एकूण आकड्यांना आणि लोक तेच लक्षात ठेवतात, याचं खरंच वाईट वाटतं.

पण हीच पद्धत सगळ्यांना लावता येत नाहीये. सेसिल ट्रॅव्हिस हा दुसरा बॅटर, ॲव्हरेज १९४१ ला ०.३५९, मग युद्ध, दुसऱ्या महायुद्धातल्या बल्जच्या लढाईत थंडीने पाय गारठून जखमी, १९४६ ला ०.२५२. इथे नंतरची वर्षं सरासरीत घेतली तर युद्धाने केलेलं नुकसान मीच त्याच्या खेळात मोजतोय ना?

पिचरचं (बेसबॉलचा बॉलर) तर अजूनच अवघड. बॉब फेलर पर्ल हार्बरनंतर लगेच नेव्हीत गेला, १९४१ ला २५ विन (पिचरच्या नावावर लागलेल्या जिंकलेल्या मॅच), १९४६ ला २६, करिअरचे २६६, त्यामुळे सगळे म्हणतात ३०० सहज झाले असते. पण १९४१ ला त्याने ३४३ इनिंग (एक इनिंग म्हणजे समोरच्या टीमचे तीन आउट) टाकल्यात! मधली वर्षंही तसाच राबला असता तर हात टिकला असता का?

तर विचारायचंय हे की फक्त आधीची वर्षं धरून वयानुसार घट लावावी का, आणि ती घट किती धरायची? पिचरसाठी विनऐवजी इनिंगवरून अंदाज बांधलेला बरा का? कोणी असं काही केलं असेल तर फॉर्म्युलासकट सांगा प्लीज.